गच्चीवरचं ऊन, खालच्या मजल्यावरचं बिल

गेल्या मे महिन्यात आमच्या कुरडया वाळायला चार दिवस लागले. हैदराबादचं मे महिन्यातलं ऊन असं, की आज सकाळी घातलेली कुरडई उद्या संध्याकाळी डब्यात भरावी. पस्तीस वर्षं मी तशीच भरत आले. या खेपेला उशीर झाला, कारण गच्चीचा दक्षिणेकडचा निम्मा भाग आता सोलरच्या प्लेटांनी घेतला आहे. उरलेल्या भागात पाण्याची टाकी, कपड्यांच्या दोऱ्या, आणि दोन वाजल्यानंतर शेजारच्या चार मजली इमारतीची सावली. ऊन सरकेल तशी मी खाट सरकवत राहिले.

ही तक्रार नाही. त्याच चार दिवसांत त्या प्लेटांनी पन्नास युनिटांच्या आसपास वीज तयार केली. घरातला एसी, फ्रिज, पाण्याची मोटर तिच्यावर चालली आणि उरलेली वीज तारेवरून बाहेर गेली. साडेपाचशे वॅटच्या सहा प्लेटा आहेत, म्हणजे तीन किलोवॅटच्या थोड्या वर. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात त्यातून दिवसाला सरासरी चार युनिटं मिळतात. हैदराबाद 17 अंश अक्षांशावर आहे, म्हणून प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच कलत्या ठेवल्या आहेत. हे गणित आता घरात सगळ्यांना पाठ झालं आहे. आमचे हे सकाळी उठून आधी पेपर उघडायचे. आता चहाचा कप हातात घेऊन मोबाइलवर कालची युनिटं बघतात आणि मग पेपर.

एक गोष्ट आम्हांलाही नव्यानेच कळली. प्लेटेला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. 25 अंशांच्या वर प्लेट जसजशी तापेल तसतसं तिचं उत्पादन दर अंशाला सुमारे 0.3 ते 0.4 टक्क्यांनी उतरतं, आणि मे महिन्याच्या दुपारी ती साठ अंशांपर्यंत सहज पोचते. त्यामुळे सर्वांत जास्त वीज मेमध्ये मिळेल हा आमचा अंदाज चुकला. मार्च पुढे गेला. आषाढ-श्रावणात ढगांनी आकडा निम्म्यावर आणला. संक्रांतीला हैदराबादच्या गच्च्यांवर पतंगांची झुंबड असते. त्या दोन दिवसांत मांजा सांगाड्यात अडकू नये म्हणून नातवाला पहाऱ्यावर बसवलं. धुळीचा थर बसला की उत्पादन घटतं, म्हणून आठवड्यातून एकदा सकाळी लवकर, प्लेटा तापायच्या आत, पाणी मारायचं. माझ्या आईने मिरच्या आणि सांडगे जितक्या काळजीने सांभाळले तितक्याच काळजीने मी या काचा सांभाळते.

आम्ही राहतो ते मलकपेठ मुसी नदीच्या दक्षिणेला आहे. चादरघाटचा पूल ओलांडला की सुरू होतं. इथे रेसकोर्स आहे, आस्मानगढची टेकडी आहे आणि महबूब मॅन्शनपाशी कांद्याचा गंज, म्हणजे घाऊक बाजार, आहे. गंजात भल्या पहाटे जे ट्रक लागतात त्यांतल्या कितीतरी गाड्यांच्या पाट्यांवर एमएच असतं. सोलापूर-नाशिकचा कांदा हैदराबादच्या बिर्याणीत पडतो तो या दारातून. आमच्यासारखी मराठवाड्यातून आलेली कुटुंबं त्याआधीच काचीगुडा-मनमाड रेल्वेने इकडे पोचली होती. 1956 पर्यंत हे सगळं एकच राज्य होतं आणि लातूर-नांदेडच्या माणसाला राजधानी म्हणजे हैदराबाद. शिकायला, नोकरीला, कोर्टाच्या कामाला इथेच यायचं. वडील तसेच आले आणि इथेच राहिले.

इथे वीज हा शब्द कुणी बोलत नाही. तेलुगू माणूस, दखनी बोलणारा आणि आम्ही, सगळे ‘करंट’ म्हणतो. करंट गेला, करंट आला, करंटचं बिल भरलं. या शहराला करंटची ओळख जुनी आहे. हुसेनसागराच्या काठावर कोळशावर चालणारं वीजकेंद्र 1920 साली उभं राहिलं होतं आणि 1995 साली ते पाडलं. त्या जागेच्या आसपास आता बाग आहे, सिनेमागृह आहे. तळ्याकाठी शहराच्या मधोमध कोळसा जळत होता, हे आज नातवाला सांगितलं तर त्याला पटत नाही.

या भागातल्या गच्च्या बघायच्या असतील तर मेट्रोत बसावं. मलकपेठ स्थानकावर चढून न्यू मार्केट, मुसारामबाग करत दिलसुखनगरला उतरावं. मार्ग उंचावरून जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंची छतं खिडकीतून दिसतात. 2018 च्या सप्टेंबरमध्ये हा टप्पा सुरू झाला तेव्हा खिडकीतून दिसायच्या त्या काळ्या टाक्या, डिश अँटेना आणि वाळत घातलेले कपडे. आता त्यांच्यामध्ये निळ्याकाळ्या चौकटी दिसू लागल्या आहेत. काही घरांवर चारच प्लेटा, काहींवर अख्खं छत झाकलेलं. एका शाळेच्या छतावर दोन रांगा. मी दर वेळी मोजायला सुरुवात करते आणि दर वेळी स्थानक येतं.

पूर्वी पुण्याला बहिणीकडे गेलं की ‘सोलर’ म्हणजे पाणी तापवायचा बंब. सोसायटीच्या गच्चीवर काचेच्या नळ्यांची रांग असायची आणि थंडीत ‘आज सोलरला पाणी नाही’ एवढाच त्या शब्दाचा उपयोग होता. शिर्डीला साईबाबा संस्थानाने 2009 मध्ये प्रसादालयाच्या छतावर 73 मोठ्या तबकड्या बसवल्या, त्याही वीज करायला नव्हे. आरशांनी ऊन एकवटून वाफ करायची आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा भात-डाळ शिजवायचा. उन्हाची वीज ही तेव्हा सरकारी प्रदर्शनात बघायची गोष्ट होती.

बदल किती वेगाने झाला ते आकड्यांत सांगायला हवं. जानेवारी 2010 मध्ये देशाचं सौर अभियान सुरू झालं तेव्हा 2022 पर्यंत 20 गिगावॅटचं उद्दिष्ट ठेवलं होतं आणि तेही अनेकांना फार वाटलं. एक गिगावॅट म्हणजे दहा लाख किलोवॅट. आमच्यासारखी सुमारे तीन लाख घरं. मार्च 2014 मध्ये देशात तीन गिगावॅटसुद्धा नव्हते. 2015 मध्ये उद्दिष्ट वाढवून 100 गिगावॅट केलं आणि त्यातले 40 छतांवर होतील असं ठरलं. शंभराचा टप्पा ठरल्या वर्षी आला नाही, पण जानेवारी 2025 च्या अखेरीस आला. त्याच वर्षाच्या मध्यावर देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू-डिझेल सोडून इतर मार्गांचा झाला. हे 2030 साली व्हायचं होतं. राजस्थानात भादल्याला वाळवंटात दोन हजार मेगावॅटच्या वर क्षमतेचं सौर उद्यान आहे. आमच्याच राज्यात रामगुंडमला कोळशाच्या केंद्राच्या जलाशयावर एनटीपीसीने 100 मेगावॅटच्या तरंगत्या प्लेटा टाकल्या. जुलै 2022 पासून त्या पूर्ण चालू आहेत. कोळसा खणणारी सिंगरेणी कंपनी स्वतःच्या जमिनीवर दोनशे मेगावॅटहून जास्त सौर वीज करते. प्लेटा बनवणारी प्रीमियर एनर्जीज ही 1995 साली सुरू झालेली कंपनी हैदराबादचीच. महेश्वरमच्या बाजूला तिचे कारखाने आहेत, आमच्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर.

क्षमतेत निम्मा वाटा आला म्हणजे विजेतही निम्मा आला असं मात्र नाही. सूर्य रात्री नसतो, ढगात नसतो. प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. आणि त्या 40 गिगावॅटच्या छतांचं काय? 2022 साल संपलं तेव्हा छतांवरचं काम त्याच्या जवळपासही पोचलेलं नव्हतं. वाळवंटात एका कंपनीने हजार एकरांवर प्लेटा टाकणं सोपं गेलं. लाखो घरमालकांनी आपापल्या गच्चीवर टाकणं अवघड गेलं. ते सोपं व्हावं म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. 75,021 कोटी रुपये, एक कोटी घरं. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची वेगळी अट उरली नाही. मार्च 2025 पर्यंत दहा लाख घरांवर प्लेटा लागल्या; गुजरात पहिला, महाराष्ट्र दुसरा. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. आम्ही उडी मारली ती या सगळ्या काळात. उंच सांगाड्यासकट दोन लाखांच्या थोडे वर पैसे गेले आणि 78,000 परत खात्यात आले.

आमच्यासारख्यांनी उडी का मारली, ते तेलंगणाच्या बिलात दिसतं. महिन्याला दोनशे युनिटांच्या वर गेलं की पहिली दोनशे 5 रुपये 10 पैशांनी, पुढची शंभर 7 रुपये 70 पैशांनी, त्यापुढची शंभर 9 रुपयांनी आणि चारशेच्या वर साडेनऊने. उन्हाळ्यात एसी लावणाऱ्या घरात साडेचारशे युनिटं होतात. नुसत्या विजेचे तीन हजारांच्या वर. प्लेटा त्यातली वरची, महागडी युनिटं आधी कापतात. मीटर दोन्ही बाजूंनी मोजतं, घेतलेल्या युनिटांतून दिलेली वजा होतात आणि बिल उरलेल्यांचं येतं. म्हणून ज्याचा वापर जास्त, त्याचा फायदा जास्त. गच्चीवर प्लेटा प्रथम कुणाच्या दिसतात, तर ज्यांच्या भिंतीवर एसी आहेत त्यांच्या.

आता खालच्या मजल्यावर येते.

आमच्या तळमजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहतं. नवरा गंजात हमालांचा मुकादम. बायको घरी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, साड्यांना फॉल-पिको, रमजानच्या आधी रात्र रात्र मशीन चालू. त्यांचं मीटर वेगळं आहे आणि त्यांच्याकडे पांढरं रेशनकार्ड, म्हणजे इथलं गरिबांचं कार्ड, आहे. मार्च 2024 पासून राज्यात गृहज्योती योजना सुरू झाली; अशा कुटुंबाला महिन्याला दोनशे युनिटांपर्यंत बिल शून्य. भाडेकरूंनाही ती लागू आहे आणि ही चांगली गोष्ट आहे. दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंत तिचं बिल शून्य येतं. पण एप्रिल-मेमध्ये कूलर लागतो, फ्रिज जास्त चालतो, आणि त्याच महिन्यांत शाळा उघडायच्या आधीच्या गणवेशांचं काम असतं. दोनशेची रेघ ओलांडली की वरच्या वीस-तीस युनिटांचं नव्हे, सगळ्याचं बिल येतं. दोनशे तीस युनिटं झाली तर साडेबाराशे रुपये. म्हणून महिना संपत आला की ती रोज संध्याकाळी जिन्याखालचं मीटर वाचते. आकडा एकशे नव्वदवर गेला की कूलर बंद. बेचाळीस अंशांत, पत्र्याच्या खिडकीजवळ, पायाने मशीन मारत बसते.

एका दुपारी मी वाळवणाची खाट घेऊन जिना चढत होते. ती दारात बसून काज करत होती. म्हणाली, “आंटी, हमारे सर पे करंट बनता, फिर हमारे मीटर कू कायकू नई लगता?”

मला उत्तर देता आलं नाही. त्याच वेळी आमच्या प्लेटा भर उन्हात चालू होत्या. हे बाहेर गेले होते, मुलगा-सून ऑफिसात, माझ्या घरात एक पंखा आणि फ्रिज. दोन-अडीच किलोवॅट वीज तिच्या डोक्यावरून, भिंतीतल्या तारेतून, तिच्या दारासमोरच्या खांबावर जात होती. खांबावरून ती पहिल्यांदा कुठे जात असेल? विजेला जवळची वाट आवडते. बहुतेक तिच्याच फ्रिजमध्ये. वीज तिच्या घरात पोचते, हिशेब मात्र माझ्या मीटरमध्ये जमा होतो.

प्लेटा बसवणाऱ्या माणसाला मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, “एक अर्ज, एक मीटर, मॅडम.” दोन्ही घरं माझ्याच मीटरवर घेतली तर तिची मोफत युनिटं जातात आणि दोघींचा वापर मिळून दर वर चढतो. मी परस्पर तिला वीज विकावी तर ते कायद्यात बसत नाही. शेवटी आम्ही एवढंच केलं, की एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचं भाडं पाचशे-पाचशेने कमी घेतो. हा घरातल्या घरात काढलेला तोडगा आहे. तो माझ्या मर्जीवर चालतो, उद्या घर मुलाच्या हातात गेलं तर त्याच्या मर्जीवर चालेल. हक्क असा मर्जीवर चालू नये.

अशा घरांसाठी वाट नाही असं नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने 2019 मध्येच आभासी नेट मीटरिंगचे नियम काढले. एका छतावर प्लेटा, आणि त्यांची युनिटं ठरलेल्या वाट्याने अनेक मीटरांच्या बिलांत वळती करायची. तारा बदलाव्या लागत नाहीत. फक्त वीज कंपनीच्या संगणकात हिशेब बदलतो. आमच्या घरापुरतं म्हणाल तर माझ्या युनिटांतली महिन्याला चाळीस तिच्या नावावर टाकली की मे महिन्यात तिचा कूलर चालू राहील, आणि मला ती चाळीस युनिटं जाणवणारही नाहीत.

हा प्रश्न मलकपेठपुरता नाही. शेजारच्या पाकिस्तानात गेल्या काही वर्षांत जे झालं ते विजेच्या अभ्यासकांनाही चकित करणारं आहे. विजेचे दर भडकले, रुपया घसरला, आणि त्याच सुमाराला चीनमधल्या प्लेटा कधी नव्हे इतक्या स्वस्त झाल्या. 2024 या एका वर्षात पाकिस्तानने सुमारे 17 गिगावॅटच्या प्लेटा आयात केल्या. मागे अनुदानाची मोठी योजना नव्हती. लाहोर-कराचीच्या व्यापाऱ्यांनी, पंजाबातल्या शेतकऱ्यांनी, कारखानदारांनी आपल्या पैशाने त्या विकत घेतल्या. लोकांनी स्वतःहून इतक्या उत्साहाने उन्हाकडे वळावं, यात मला मोठी आशा दिसते. पण त्याची दुसरी बाजूही तिथेच दिसली. वीज कंपन्यांचे जुने करार, कोळशाच्या आणि वायूच्या केंद्रांना द्यायचे ठरलेले पैसे कमी झाले नाहीत. बंगलेवाले तारेवरून कमी वीज घेऊ लागले तसा तो बोजा ज्यांना छत नाही त्यांच्या बिलावर सरकला. 2025 मध्ये तिथल्या सरकारने छतावरच्या युनिटांचा खरेदीदर 27 रुपयांवरून 10 वर आणायचं ठरवलं आणि प्लेटावाले चिडले. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. आधीपासून भाडेकरूचा विचार झाला असता तर ही ओढाताण इतकी झाली नसती, असं मला वाटतं.

जर्मनीत लोकांनी वेगळी युक्ती केली. तिथल्या शहरांत बहुतेक लोक भाड्याने राहतात. त्यांनी बाल्कनीच्या कठड्याला एक-दोन प्लेटा अडकवल्या आणि वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये खोचली. आठशे वॅटपर्यंत याला परवानगी आहे, नोंदणी दहा लाखांवर गेली आहे, आणि 2024 पासून सबळ कारणाशिवाय घरमालकाला नाही म्हणता येत नाही. आपल्याकडे ही पद्धत रुळलेली नाही. मलकपेठच्या गल्लीत बाल्कनीला ऊन मिळेल का, हाही प्रश्न आहे. एका इमारतीतून दुसरीला हात पोचतो. ऑस्ट्रेलियाचं मला जास्त उपयोगी वाटतं. तिथे चाळीस लाखांवर घरांच्या छतांवर प्लेटा आहेत, दुपारी वीज इतकी होते की घ्यायला गिऱ्हाईक नसतं. म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने जाहीर केलं, की काही राज्यांत जुलै 2026 पासून ज्यांच्याकडे प्लेटा नाहीत अशा घरांनाही रोज दुपारी तीन तास वीज मोफत घेता येईल. कूलर लागतो तो दुपारीच.

महाराष्ट्रात गरिबांच्या छताचा विचार झाला आहे, हे मी इथे बसून अभिमानाने सांगते. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचं गाव ऑगस्ट 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. 2025 मध्ये राज्याने ‘स्मार्ट’ नावाची योजना काढली: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने अडीच हजार रुपये भरायचे, एक किलोवॅटच्या बाकी खर्चाचं केंद्र आणि राज्य मिळून बघतील. शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या इतर घरांनाही त्यात मदत आहे. एक किलोवॅट म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटं. लहान घराचं सगळं बिल त्यात मिटतं. तेलंगणातही नागरकर्नूल जिल्ह्यातल्या कोंडारेड्डीपल्ली या मुख्यमंत्र्यांच्या गावात साडेचारशेहून जास्त घरांवर प्लेटा बसल्या. खेड्यात हे जमतं, कारण खेड्यात घर लहान असलं तरी छत आपलं असतं.

लातूरकडच्या आमच्या गावी चुलतभावाचं शेत आहे. महाराष्ट्रात शेतीपंपाला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी वीज मिळत आली. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन, पाण्यात पाय ठेवून, सापाकिरड्याच्या भीतीने पाणी द्यायचं. कित्येक घरांतले कर्ते पुरुष असे गेले आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी पडीक जमिनीवर प्लेटा टाकून त्या भागातल्या पंपांना दिवसा वीज द्यायची. 2023 मधल्या दुसऱ्या टप्प्याचं उद्दिष्ट 16,000 मेगावॅट. पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला. सौर विजेचा सगळ्यांत सुंदर उपयोग कोणता असं मला विचारलं तर मी हाच सांगेन. दिवसा ऊन, दिवसा पाणी, रात्री झोप. इथे एकाही शेतकऱ्याला स्वतःच्या छपरावर प्लेट बसवावी लागली नाही, तरी फायदा सगळ्यांना. शहरातल्या भाडेकरूंसाठी हेच करता येणार नाही का? गंजाच्या शेडचे पत्रे आहेत, शाळांची छतं आहेत, रेसकोर्सच्या बाजूचे वाहनतळ आहेत. त्यांच्यावर वीज करून तिचा वाटा आसपासच्या पांढऱ्या कार्डवाल्या मीटरांत टाकता येईल. सरकार दर महिन्याला ज्या युनिटांचे पैसे भरतं, तीच युनिटं वस्तीत तयार होतील.

छतावरच्या प्लेटांबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे, तो सांगायला हवा. मागच्या एप्रिलमध्ये एका दुपारी करंट गेला. वर लखलखीत ऊन, सहा प्लेटा, आणि घरात पंखा बंद. शेजाऱ्यांनी विचारलं, मग या प्लेटांचा उपयोग काय? कारण असं आहे, की तारेवर काम करायला लाइनमन चढलेला असताना आमच्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून बाहेरचा पुरवठा गेला की प्लेटांना जोडलेला इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तो थांबतो हेच बरोबर आहे. करंट गेल्यावरही घर चालू हवं असेल तर बॅटरी लागते, आणि बॅटरीने खर्च बराच वाढतो.

संध्याकाळचा प्रश्न त्याहून मोठा आहे. साडेसहाला प्लेटा झोपतात आणि नेमके तेव्हाच घरोघर दिवे, टीव्ही, एसी लागतात. दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायची कशी? एक जुनी रीत पाण्याची आहे. श्रीशैलम धरणाच्या डाव्या तीरावर डोंगराच्या पोटात 150 मेगावॅटची सहा यंत्रं आहेत. ती उलटी फिरवून पाणी खालून वर चढवता येतं आणि गरज पडली की तेच पाणी सोडून वीज करता येते. सह्याद्रीत घाटघरला 2008 पासून 250 मेगावॅटचं असंच केंद्र आहे. ही यंत्रं एके काळी रात्रीच्या स्वस्त विजेने पाणी चढवायला बांधली होती. यापुढे ती दुपारच्या उन्हाने चढवावी लागतील. मोठ्या बॅटऱ्याही येत आहेत. देशाचा पुढचा पैसा या साठवणीत जायला हवा. प्लेटांचं काम आता लोक करतीलच.

खालच्या मजल्यावरची ती परवा सांगत होती की पुढच्या वर्षी मुलीला दहावीला क्लास लावायचा आहे, म्हणून आणखी एक मशीन घेतेय, मोटरवालं. मीटर कुठवर जाईल याचा हिशेब तिने आधीच करून ठेवला आहे.

हा अंक वाचणाऱ्यांत बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहत असतील. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, किंवा आमच्यासारखे हैदराबादेत. ‘आमची गच्ची सामाईक, आम्हांला काय उपयोग’ असं म्हणून हा विषय सोडू नका. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यांसाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे; घरटी तीन किलोवॅट धरून 500 किलोवॅटपर्यंत. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. पुढच्या सभेत तो विषय तुम्ही मांडा, आणि मांडताना एक ओळ वाढवा: देखभालखर्चात जी बचत होईल तिचा वाटा इमारतीतल्या भाडेकरूंनाही मिळेल. तुमच्या राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या दरसुनावण्या जाहीर असतात, तिथे कुणालाही अर्ज देऊन बोलता येतं. आभासी नेट मीटरिंग भाडेकरूपर्यंत पोचवा, एवढी मागणी घेऊन मी या वर्षी हैदराबादच्या सुनावणीला जाणार आहे. तुम्ही तुमच्या गावच्या सुनावणीला जा.